खेचरवाल्यांचं राष्ट्रगीत

उतरणीवर खुरासणीची फुलं पिवळीधमक झाली, नागलीची कणसं मुठीसारखी वळली आणि खालच्या पाड्यावरून नुकत्या सारवलेल्या खळ्याचा वास वर आला, की माझा हात आपोआप डोक्यावर जातो. टोपली नीट बसली आहे ना, ते बघायला. टोपली सोडूनही आता बरीच वर्षं झाली. मान ताठ ठेवायची सवय मात्र गेली नाही.

आमचं घर जव्हारच्या नालबंदांचं. वडील आणि माझा मोठा भाऊ युसूफ घोड्यांना, खेचरांना, बैलांना नाल ठोकायचे. आईचं माहेर मण्यारांचं, म्हणून काकणांची टोपली तिच्या डोक्यावर आली आणि पुढे माझ्या. आमचा धंदा सुगीचा. पावसाळ्यात लावणीच्या चिखलात काकणं टिकत नाहीत. भात कापणीला आलं की पाड्यावरच्या बायका स्वतःच्या मनगटाकडे बघू लागतात, आणि त्याच सुमारास आम्ही मायलेकी जव्हारच्या पठारावरून खाली उतरायचो. वाघ नदी ओलांडायची, मोखाड्याच्या अंगाला चढायचं, पाड्यापाड्यावर बसत जायचं. जव्हार महाराजांचं, मोखाडा इंग्रजांचा. पण आमच्या पायांना हद्द कधी लागली नाही. दोन्हीकडच्या ठेचा सारख्याच.

आजही सकाळी खालच्या खळ्यावरून पोरींचा आवाज आला. भाताचा भारा फळीवर आपटायचा, एकीनं विचारायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. त्या पोरींना वाटतं हे गाणं देवांनी दिलं. मी काही बोलत नाही. देवांनी दिलं असेलही. पण ते आलं कुठून आणि कोणाच्या तोंडून, हे मी पाहिलेलं आहे.

पहिलं मोठं युद्ध संपलं, त्याच्या पुढच्या वर्षीची ती सुगी. त्याआधीची सुगी आम्ही सुगी म्हणून मोजतच नाही. त्या वर्षी मानमोडी आली होती. सकाळी ताप भरायचा आणि दोन दिवसांत माणूस जायचा. पाडेच्या पाडे झोपले. पिकलेलं भात उभ्याउभ्या झडलं, कारण कापायला हात नव्हते. आम्ही टोपली घेऊन गेलो तेव्हा दारात पोरं नव्हती, कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. आई म्हणाली, "चल बेटी, इथे काकणं विकायची नाहीत." आम्ही तशाच परत आलो.

म्हणून पुढच्या वर्षी भात पुन्हा पिवळं झालं, तेव्हा जे उरले होते ते सगळे जरा जास्तच मोठ्याने बोलायचे. हसायचेही मोठ्याने. जगून उरलेल्या माणसांचा आवाज तसा होतो.

युसूफ युद्धावर गेला होता. शिपाई म्हणून नाही. पलटणीच्या खेचरांना नाल ठोकायला माणसं हवी होती. त्याच्याबरोबर मोखाड्याकडचा लाखमा गेला. लाखमा आमच्याच घाटाने व्यापाऱ्यांची तट्टं हाकायचा, त्यांना नाल आमच्याकडे ठोकले जायचे, त्यातून दोघांची दोस्ती. लाखमा खेचरवाला म्हणून भरती झाला. जाताना युसूफ आईला म्हणाला, "अम्मी, लढणारे वेगळे. आम्ही जनावरांच्या मागे असणार. जनावराच्या मागे फक्त लाथेचं भय."

त्या सुगीच्या तोंडाला लाखमा एकटा परत आला.

भर दुपार होती. वडील अंगणात एका घोडीचा खूर मांडीवर घेऊन बसले होते. लाखमा दारात उभा राहिला. त्याचा डावा कान तोफेनं कायमचा बंद केला होता. त्यामुळे तो मान वाकडी करून, उजवा कान पुढे करून उभा राहायचा, कुणी काही सांगेल म्हणून वाट बघत असल्यासारखा. आई आतून आली. त्याच्या मागे तिनं रस्ता पाहिला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"भाई तठंच ऱ्हायला, आये," लाखमा म्हणाला.

वडिलांनी मान वर केली नाही. हातातला खिळा त्यांनी ठोकला, घोडीचा खूर हळूच खाली सोडला, आणि मग म्हणाले, "बस. सांग."

त्यानं सांगितलं. बसऱ्याच्या पलीकडे एक मोठी नदी. "आपली वाघ तिच्यात हरवंल, ईतकी मोठी. पन काठाला एक झाड नाय. सावली म्हनाल तं खेचराच्या पोटाखाली." सकाळी पलटण मोकळ्या मैदानातून पुढे गेली, दुपारपर्यंत मोडून मागे आली. जखमी पुढेच पडून राहिले. धूळ आणि धूर असा की स्वतःचा हात दिसेना. खेचरं मागे न्या, असा हुकूम आला. माणसं गेली ती गेली, जनावरं वाचली पाहिजेत.

"मंग युसूफभाईनं पयल्या खेचराची दोरी धरली अन् त्याचा तोंड फिरवला. मागं नाय, पुढं. माला म्हनला, चल लाखम्या."

धुळीत काही दिसत नव्हतं, म्हणून दोघे ओरडत गेले. कोन रं तठं? आणि धुळीतून उत्तरं यायला लागली. कुणी आपलं नाव सांगेना. प्रत्येकजण आपला गाव सांगे. कुणी साताऱ्याकडचा, कुणी गढवालचा, कुणी मुलतानचा. ज्याची भाषा कळेना त्याचा नुसता आवाज. आवाजाच्या रोखाने जायचं, माणूस खेचरावर घालायचा, मागे आणायचा, पुन्हा पुढे. हे बघून मागचे खेचरवालेही दोऱ्या फिरवून आले. हुकूम मोडला होता, पण धुळीत तो कोणी मोडला हे कुणाला दिसणार?

"शेवटाला भाई यकला पुढं गेलेला. मी इचारला, कोन रं तठं? तो हसून वराडला, जव्हारचा नालबंद! मंग गोळा पडला."

आई दाराची चौकट धरून उभी होती.

"मी इचारतच ऱ्हायलो, आये. कोन रं तठं, कोन रं तठं. भाई काय बोलं ना. पन त्यानं आनलेली ती मानसां, मागं पडलेली, त्यांना वाटला मी त्यानलाच इचारतो. ती वराडाया लागली. ज्याला जशी येल तशा बोलीत. आमी आहू. आमी आहू, आमी आहू."

वडील उठले, आत गेले. आईनं लाखमाला भाकरी वाढली आणि तो जेवेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली. त्या दिवसापासून तिनं युसूफचं नाव घेणं सोडलं. चार दिवसांनी तिनं टोपली उचलली, आणि आम्ही पाड्यांवर निघालो.

लाखमाच्या पाड्यावर पोचलो तेव्हा खळं गजबजलेलं होतं. त्याची बायको चांगुणा भात झोडत होती. मानमोडीत तिची मुलगी गेली होती. लाखमाला ते परत आल्यावरच कळलं. खळ्याच्या कडेला पेंढ्यात तो झोपला होता. आम्ही टोपली उतरवत होतो, तेवढ्यात तो झोपेतच ओरडला.

"कोन रं तठं?"

बायकांचे हात थांबले. चांगुणेनं भारा डोक्याच्या वर उचललेला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रोजचंच असावं ते. तान्ह्या पोराला थोपटावं तशी ती मोठ्याने म्हणाली, "आमी आहू!" आणि भारा फळीवर आपटला.

तो पुन्हा ओरडला. आता दोघीतिघींनी उत्तर दिलं, आणि दोनतीन भारे एकदम पडले. तिसऱ्या वेळी सगळं खळं बोललं. दाणे पावसासारखे उडाले. तारपा वाजवणारा एक म्हातारा झाडाखाली टेकला होता. त्यानं तारपा तोंडाला लावला आणि त्या विचारण्याला एक लांब, खालून वर चढत जाणारा सूर दिला. लाखमा जागा झाला. उठून बसला, उजवा कान पुढे केला, आणि पहिल्यांदाच मी त्याच्या तोंडावर हसू पाहिलं. आता त्यानं जागेपणी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं.

*पिंजाळच्या पान्याचं — आमी आहू*
*सूर्यमाळच्या वाऱ्याचं — आमी आहू*
*मानमोडीतून उरल्यालं — आमी आहू*
*मातीखाली पुरल्यालं — आमी आहू*

पुरल्यालं, हे चांगुणेनं घातलं. मी तिच्या मनगटात काकण चढवत होते तेव्हा तिनं ते म्हटलं, आणि हात काही मागे घेतला नाही.

त्या सुगीत आम्ही ज्या पाड्यावर जायचो तिथे ते गाणं आमच्या आधी पोचलेलं असायचं. प्रत्येक पाडा आपलं नाव घालायचा. आपला ओहोळ, आपला डोंगर, आपला मेलेला माणूस. वावर गावच्या बायकांनी त्यांचं घातलं, खोडाळ्याकडच्यांनी त्यांचं. वारल्यांचं, कोकण्यांचं, कोळ्यांचं, ठाकरांचं. एरवी एकमेकांच्या घरी जेवायला न बसणारी माणसं त्या गाण्यात मात्र एका ओळीत बसली. मी रोज ऐकायची, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघायची. ती काकणं भरत राहायची. तिचे ओठ मिटलेले.

राष्ट्र हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. शाळेत मी चौथीपर्यंत गेले. तिथे आम्हाला इंग्रजांच्या बादशहाचं गीत शिकवलं होतं, मराठीत आणलेलं, दगडासारख्या शब्दांचं. त्यात एका माणसाला उदंड आयुष्य मागितलं होतं. आम्ही ते हात जोडून म्हणायचो. एका माणसासाठी एवढी माणसं एका सुरात काय मागत आहेत, हे मला कधी कळलं नाही. खळ्यावरच्या गाण्यात कुणी काही मागत नव्हतं. तिथे हजेरी होती, आणि ती हजेरी द्यायला मेलेलेही येत होते.

मग विजयाचा उत्सव आला. मोखाड्याच्या कचेरीसमोर आंब्याच्या पानांची कमान, कागदी पताका, पोरांसाठी बत्तासे. बाजाराचा दिवस मुद्दाम धरलेला, म्हणजे माणसं आपोआप जमतील. लाखमाला पुढे खुर्चीवर बसवलं होतं. त्याला पदक मिळायचं होतं. अंमलदार खालच्या मुलुखातून आलेला, पागोटेवाला माणूस. वाईट नव्हता. वरच्यांना भ्यायचा, आणि खालच्यांनी आपल्याला भ्यावं असं त्याला वाटायचं.

लाखमा खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "सायेब, आधी नावां घ्या."

"कसली नावं?"

"तठं ऱ्हायल्यांची. या डोंगरातून धा-बारा गेल्यालं."

"ते शिपाई नव्हते. खेचरवाल्यांची नावं घ्यायचा हुकूम नाही. बस."

लाखमा बसला नाही. अंमलदाराने मास्तरांना खूण केली, मास्तरांनी हात उचलला, आणि पोरांनी बादशहाचं गीत सुरू केलं. पहिली ओळ संपली. पोरं श्वास घ्यायला थांबली. त्या एवढ्याशा मोकळ्या जागेत लाखमा ओरडला. खळ्यावर ओरडायचा तसा नव्हे. त्या नदीकाठी ओरडला असेल तसा.

"कोन रं तठं?"

कचेरी समोर, शिपाई समोर, हातात दंडुके. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. तो आवाज मी आयुष्यात कधी इतका मोठा ऐकला नव्हता. बाजारात काकणं विकतानासुद्धा आई हळू बोलायची.

"जव्हारचा युसूफ नालबंद!"

तिच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता. तिनं तो सावरला नाही. ती कचेरीकडे बघत होती. अंमलदाराकडे नाही, कचेरीवरच्या निशाणाकडेही नाही. दाराकडे. आता कुणीतरी बाहेर येऊन तिला उत्तर द्यायचं आहे, अशी.

मग सगळा बाजार बोलला. आमी आहू. भाजीवाल्या, मीठवाले, गुळाच्या ढेपा घेऊन बसलेला वाणी, घाटावरून आलेले गाडीवान. लाखमा विचारत गेला आणि नावं येत गेली. दहा-बारा गेलेल्यांची आली, मग मानमोडीतल्यांची आली, मग कुणाची आली हे कुणाला ठाऊक. बत्तासे तोंडात धरलेली पोरंही त्यात मिसळली. मास्तरांचा हात तसाच वर राहिला होता. त्यांनी तो सावकाश खाली घेतला आणि स्वतःच्या गावाचं नाव सांगितलं. कोकणातलं कुठलंसं.

शिपायांनी लाखमाला कचेरीत नेऊन कोंडलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता पाड्यापाड्यावरून बायका आल्या. विळे कमरेला तसेच. मोखाड्याच्या आल्या, आणि नदी ओलांडून जव्हारकडच्याही आल्या. इंग्रजांच्या कचेरीसमोर महाराजांची रयत येऊन बसली. त्यांचं काय करायचं, हे अंमलदाराला कुठल्या हुकमात सापडलं नसेल. आम्ही मायलेकीही बसलो. कुणी घोषणा दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. एक विचारायची, बाकीच्या उत्तर द्यायच्या. ऊन चढलं तरी तेच चाललं.

हळवं भात खळ्यावर आलं होतं, पण मागाहून पिकणारं गरवं भात अजून शेतात पिकून उभं होतं. शेत ज्यानं केलंय त्याला याचा अर्थ सांगायला नको. पिकलेलं भात वाट बघत नाही. एक दिवस उशीर झाला की वाऱ्याबरोबर दाणा खाली. अंमलदारालाही ते माहीत होतं. तो पायरीवर आला.

"अगं बायांनो, घरी जा. भात झडतंय तुमचं!"

चांगुणा उठली. "झडूं दे, सायेब. गेल साली समदाच झडला. भात झडला, पोरां झडली. तरी आमी आहू."

तो आत गेला. दुपारनंतर त्यानं लाखमाला पायरीवर आणलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे गाणं पुन्हा गाणार नाही असं कबूल कर. आत्ता सोडतो."

लाखमाने कान पुढे केला. शब्द नीट ऐकले. मग म्हणाला, "मी गातच नाय, सायेब. मी फगत इचारतो."

पहिली हसली ती आई. मग मागे बसलेल्या बायका हसल्या, मग शिपाई मिशीत हसला. अंमलदाराच्या तोंडावरही काहीतरी हललं. त्यानं हातानेच, माशी हाकलावी तशी, जा म्हणून खूण केली. पदक काही त्यानं दिलं नाही. लाखमाने मागितलंही नाही.

त्या रात्रीपर्यंत थांबायला वेळ नव्हता. आम्ही तिथूनच शेतात गेलो. आधी लाखमाचं भात कापलं, मग ज्यांच्याकडे मानमोडीने हात शिल्लक ठेवले नव्हते त्यांचं. मी नालबंदाची लेक, विळा मला नीट धरता येत नव्हता. करंगळी कापून घेतली. खूण अजून आहे. बरंच भात झडून गेलं. त्या वर्षी उन्हाळ्यात कंदमुळांवर दिवस काढावे लागले, हेही सांगायला हवं. हट्टाची किंमत पोटाने दिली. पण नंतरच्या कुठल्याही सुगीत, "उगाच बसलो" असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.

मोखाड्याच्या हद्दीत ते गाणं म्हणायला बंदी झाली. मग काय, जव्हारच्या काठावरून विचारायचं आणि मोखाड्याच्या काठावरून उत्तर द्यायचं. विचारायला बंदी इकडे नव्हती आणि तिकडचे गात नव्हते, नुसते ओरडून सांगत होते. एकदा एक शिपाई गुडघाभर पाण्यात मधोमध उभा होता. या काठाला धरावं की त्या, हे त्याला ठरवता येईना. शेवटी कुणीतरी त्यालाच विचारलं, आणि तो बिचारा आपल्या गावाचं नाव सांगून बसला.

लाखमा म्हातारा होऊन गेला. शेवटी दुसराही कान गेला, तरी विचारायचा. उत्तर ऐकू येत नसे, आमचे ओठ हललेले बघून मान डोलवायचा. आई त्याच्या आधी गेली. बाजारातल्या त्या दिवसानंतर तिनं युसूफचं नाव घेणं पुन्हा सुरू केलं होतं. रोज घ्यायची. चूल पेटवताना, टोपली उचलताना, कधी उगाच.

आणि मग ते दिवस आले की इंग्रजही गेले, महाराजांचं राज्यही विलीन झालं. वाघ नदीच्या दोन्ही काठांवर एकच निशाण लागलं. जव्हारच्या मैदानात पहिलं झेंडावंदन होतं. पाड्यांवरून माणसं आली होती. तरुण अधिकारी होता, खादीचा कोट, नवा उत्साह. झेंडा वर गेला, शाळेच्या पोरांनी नवं राष्ट्रगीत म्हटलं. आम्ही सगळे ताठ उभे होतो. त्या गीताशी आमचं भांडण नव्हतं. ते संपलं तेव्हा माझे डोळे भरले होते.

"आता सर्वांनी खाली बसावं," अधिकारी म्हणाला, आणि स्वतः खुर्चीत बसला.

कुणी बसलं नाही.

त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा सांगितलं. हजारभर माणसं उन्हात उभी, आणि तो एकटा बसलेला. तो हातातला कार्यक्रमाचा कागद बघू लागला, शेजारच्या मास्तरांकडे बघू लागला. पुढच्या रांगेत चांगुणा होती, कमरेत वाकलेली, हातात काठी. तिनं काठी जमिनीवर टेकली आणि त्याला समजावून सांगितलं, नव्या माणसाला वाट दाखवावी तसं.

"बाबा, तुझा झाला. आमचा ऱ्हायलाय ना."

अधिकाऱ्याने पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. मग तो कागद त्यानं घडी करून खिशात घातला, खुर्ची मागे सारली, आणि उभा राहिला.